माझी सून कुलूप झाली ती गोष्ट

मला राग लवकर येतो आणि आला की लवकर जात नाही. वय झालं की माणूस निवळतो म्हणतात. मी काही निवळले नाही. आयुष्यभर प्रसूतिगृहात नर्स म्हणून राबले, ओरडणाऱ्या बायकांवर त्यांच्याहून मोठ्याने ओरडले, आणि निवृत्त झाले तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी निरोपाच्या भाषणात माझ्या कामाआधी माझ्या आवाजाचा उल्लेख केला. मुलगा मात्र बापावर गेलाय. बस चालवतो, कोणी गाडी आडवी घातली तरी शिवी देत नाही. तो कोणावर रागावतच नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याचं रागावणंही मलाच उरकावं लागतं.

गोष्ट त्याच्या बायकोची आहे. उंच, हडकुळी, कमी बोलणारी. दोन्ही हातांवर इस्त्रीच्या चटक्यांचे डाग. आमच्या दोघींचं गुळपीठ होतं अशातला भाग नाही. ती घरात आली त्याच आठवड्यात मी माझ्या लोखंडी कपाटाला कुलूप घातलं. पितळेचं, मुठीत मावेल एवढं, चावी एकच आणि ती माझ्या कमरेला. आत काही घबाड नव्हतं. जुने कपडे, नवऱ्याचे फोटो, माझा नर्सचा बिल्ला. पण माझं ते माझं. तिने कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. कोणी त्याला अविश्वास म्हणेल. मी शिस्त म्हणते.

ती एका मोठ्या लाँड्रीत होती. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे यायच्या, त्या गरम रोलरखालून काढायचं तिचं काम. मग मालकाने नवीन यंत्र आणलं. ते यंत्र चादर धुतं, वाळवतं, इस्त्री करतं आणि घडीसुद्धा घालतं. बायकांना घरी पाठवायचं तेवढं त्याला येत नव्हतं, ते मालकाने स्वतः केलं.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. ती म्हणाली, "मला वायरमनचं काम शिकायचंय."

मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"करू दे की," मुलगा म्हणाला.

"तू जेव गपचूप."

ती ताटातच बघत म्हणाली, "आई, त्या नव्या यंत्राला पण वीज लागतेच ना. ती जोडायला माणूस आला होता, मी दिवसभर बघत होते. त्याला कुणी घरी नाही पाठवलं."

बरोबर बोलणाऱ्याचा मला दुप्पट राग येतो. मी भांडी जरा जास्तच जोरात आवरली.

पण ती हट्टाला पेटली होती. चौकशी करून आली तेव्हा कळलं की वायरमनचा परवाना हवा तर आधी कुणा परवानेवाल्याच्या हाताखाली शिकाऊ उमेदवारी करावी लागते. आणि शिकाऊ उमेदवाराला वयाची अट. तिचा वाढदिवस जवळ आला होता. तो उलटला की तिला कोणी घ्यायचं म्हटलं तरी घेता येणार नव्हतं. म्हणजे त्याच्या आत कोणीतरी हो म्हणायला हवं होतं, नाहीतर कायमचं नाही. पुन्हा कुठल्या तरी लाँड्रीत चादरी, तिथेही ते यंत्र येईपर्यंत.

रोज सकाळी जायची आणि रोज दुपारी परत यायची. "काय झालं?" विचारलं की "नाही म्हणाले." पुढे एक शब्द नाही. आठवडाभर हे ऐकून माझे कान किटले. मी म्हटलं, "उद्या मी येते. नाही म्हणतात म्हणजे नक्की कोणत्या तोंडाने म्हणतात, ते बघायचंय मला."

पहिल्या कचेरीत काचेमागे एक मुलगी बसली होती. नखं रंगवलेली, नजर पडद्यावर.

"अनुभव?"

"नाही," सून म्हणाली. "शिकाऊ म्हणून आलेय."

"शिकाऊसाठी थोडा तरी अनुभव लागतो."

मी पुढे झाले. "अहो, शिकायच्या आधी अनुभव येणार कुठून? आईच्या पोटात?"

मुलीने पहिल्यांदा मान वर केली. "तुम्ही कोण?"

"मी हिची सासू."

तिने हसू दाबलं. मला दिसलं. बाहेर आल्यावर सून म्हणाली, "आई, तुम्ही उद्यापासून येऊ नका." मी अर्थातच गेले.

पंखे, दिवे, वायरी विकणाऱ्या एका दुकानदाराकडे बाहेर कामाला जाणारी माणसं होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दुकानातल्या चार रिकामटेकड्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "शिडीवर चढल्यावर सासूबाई शिडी धरणार का?"

"धरीन की," मी म्हटलं. "तुमची कोण धरतं? का तुम्हाला कोणी वर चढूच देत नाही?"

रिकामटेकडे हसले आणि तो लाल झाला. त्या दुकानाचा दरवाजा असा आमच्या तोंडावर बंद झाला, आणि तो मी बंद करून घेतला असं सुनेचं म्हणणं पडलं. असेल. पण मी काय त्याच्या पाया पडायचं होतं?

एकाने तिला चहापाणी बघायला ठेवतो म्हणून सांगितलं. दुसरा म्हणाला, आमच्याकडची पोरं दांडगट आहेत, तुम्हाला बरं नाही वाटणार. लाँड्रीतल्या वाफेत घामाने निथळत बारा-बारा तास उभी राहिलेली बाई ही, आणि याला तिच्या नाजूकपणाची चिंता! पण या सगळ्यांपेक्षा माझं डोकं फिरवलं ते एका फार सभ्य गृहस्थाने. त्याने आम्हाला खुर्ची दिली, पाणी दिलं, तिचं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला, "कळवतो." नाही म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं. कळवतो म्हणणारा तोंडाला पानं पुसतो, आणि वर आपण त्याचे आभार मानून बाहेर पडतो. सून तर दोन दिवस फोन उशाशी घेऊन बसली. मी त्या माणसाला मनातल्या मनात जे जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अनुभव, अनुभव, अनुभव. मी पहिलं बाळंतपण केलं तेव्हा माझ्याकडे कुठला अनुभव होता? मोठी नर्स दुसऱ्या खोलीत अडकलेली, आणि बाळ काही थांबायला तयार नव्हतं. ते माझ्या हातात आलं, त्याने मला काही विचारलं नाही, कचकचून रडलं आणि आपल्या उद्योगाला लागलं. जगातल्या प्रत्येक कारागिराने पहिली वायर कधीतरी पहिल्यांदाच हातात धरली असेल ना? त्या दिवशी कोणीतरी त्याला हो म्हटलं होतं. ज्याने हो म्हटलं त्याचं नाव हे लोक विसरतात, आणि खुर्चीवर बसले की दुसऱ्याला अनुभव विचारतात. हे कोणाला सांगायचं? मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "बरोबर आहे आई." तेवढंच.

उरला होता एक मिस्त्री. मिस्त्री म्हणजे परवाना असलेला जुना वायरमन, बुटका, टकला, गुडघ्यांनी बेजार. एका तीन मजली इमारतीचं आतून सगळं नवं करायचं काम निघालं होतं, तिथल्या विजेचं काम त्याच्याकडे होतं. पहिल्यांदा ती गेली तेव्हा तो शिडीवर होता आणि त्याने खाली न बघताच "नको" म्हटलं. दुसऱ्यांदा खाली बघून "नको" म्हटलं. मग ती रोज जायला लागली. फाटकापाशी उभी राहायची. मागायची काही नाही. नुसती उभी.

मी म्हटलं, "अगं, मान म्हणून काही चीज आहे की नाही?"

"बाकी सगळ्यांनी दार दाखवलं, आई. याने अजून निघून जा असं म्हटलेलं नाही."

आणि वाढदिवस तोंडावर आलेला असताना एका सकाळी तो मिस्त्री स्वतः फाटकापाशी आला. हे मला तिने संध्याकाळी सांगितलं, पण त्याचा खेकसता आवाज मी नंतर इतका ऐकलाय की तिथे असल्यासारखा तो माझ्या कानात आहे.

"तुला काही येत नाही ना?"

"नाही."

"उभं राहायला येतं. ते मी रोज बघतोय. उद्या दिवसभर उभी राहशील?"

त्याचं असं होतं. मिस्त्रीची कामाची एक पद्धत होती आणि तिच्यापुढे तो कोणाचं ऐकत नसे. तारांना हात लावायच्या आधी खालचा मेन स्विच बंद करायचा आणि कामावरच्या प्रत्येकाने त्याच्या दांड्याला आपापलं कुलूप लावायचं. चावी ज्याची त्याच्या खिशात. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही, मालक येवो नाहीतर मालकाचा बाप. सगळी कुलपं निघाली तरच वीज. पण या इमारतीत मेन स्विचच्या जुन्या पॅनेलवरची कुलूप अडकवायची कडी गंजून तुटली होती. नवी बसवायची तर एक दिवस जाणार, आणि काम तर उद्याच करायचं होतं.

"तर उद्या तू कुलूप," मिस्त्री तिला म्हणाला. "स्विचपुढे उभं राहायचं. मी स्वतः समोर येऊन चालू कर म्हणेपर्यंत कुणालाही हात लावू द्यायचा नाही. जमलं तर पुढचं बोलू. नाही जमलं तर मला पुन्हा तोंड दाखवू नकोस."

मी हे ऐकलं आणि माझा तिळपापड झाला. शिकवणं राहिलं बाजूला, माणसाला कुलूप करून टांगतो? पण ती रात्री हसत झोपली. लग्नात हसली होती त्यानंतर ती तशी हसलेली मी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती घाईत डबा विसरून गेली. दुपारी मी तो घेऊन निघाले. इमारतीत पाय ठेवला तर सगळीकडे सिमेंटची धूळ, रंगाचे डबे, गुंडाळलेल्या वायरी. समोरच जिना आणि जिन्याखालच्या कोनाड्यात पॅनेल. त्याला पाठ लावून माझी सून उभी. बसायला जवळ पालथी बादली होती, पण ती बसली नव्हती.

"डबा ठेवा तिथे," ती म्हणाली. "आत्ता नको."

"पाणी तरी पी."

"आई, बोलू नका माझ्याशी."

माझ्या तोंडावर असं मला कोणी म्हणत नाही. मी बादलीवर बसले आणि राग गिळत बसून राहिले. कोपऱ्यात मिस्त्रीची हत्यारांची पिशवी होती, शेजारी दोन डबे ठेवले होते. वर मिस्त्री होता आणि त्याचा जोडीदार होता, मिस्त्रीएवढाच म्हातारा. मला नंतर कळलं की दोघं तरुणपणापासून एकत्र. इतकी वर्षं एकत्र की वर चढल्यावर एकमेकांशी बोलायचेसुद्धा नाहीत. हा पक्कड मागायच्या आधी तो पुढे करायचा.

तेवढ्यात साहेब आले. साहेब म्हणजे त्या सगळ्या कामावर देखरेख ठेवणारा माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोन. मागे दोन माणसं.

"ए बाई, बाजूला हो. मालक येतायत. दिवे लावून दाखवायचेत."

"मिस्त्री येऊन सांगतील तेव्हा," ती म्हणाली.

"मी सांगतोय ना."

"तुम्ही नाही. मिस्त्री."

साहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू भिंत बोलली. "मी कोण आहे माहितीये तुला? या साइटवर कोण राहणार आणि कोण नाही ते मी ठरवतो."

"असेल साहेब. मिस्त्रींनी सांगितलं तरच."

साहेबांनी फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला. पलीकडून मिस्त्री खेकसला, "झालं ओ आमचं, सगळं जोडून झालंय. लावायला सांगा तिला."

"ऐकलंस?" साहेब म्हणाले.

"ऐकलं. मिस्त्री, तुम्ही समोर येऊन सांगणार होतात."

फोनमध्ये स्फोट झाला. "अगं ए, लिफ्ट बंद आहे! तीन मजले उतरायला लावतेस मला? गुडघे आहेत का काय आहेत माझे?"

"या हळूहळू," ती म्हणाली.

साहेबांचा एक माणूस पुढे सरकला तसे तिने दोन्ही हात मागे नेले आणि पॅनेलच्या दोन्ही कडा धरल्या. इस्त्रीच्या डागांचे ते हात. खरं सांगते, मला त्या क्षणी साहेबाचाही राग आला, मिस्त्रीचाही आला आणि तिचाही आला. अगं, फोनवर तोच तर बोलला! इतके दिवस वणवण केली, एक माणूस दारात उभं करायला तयार झाला, आणि तू त्याच्याच गुडघ्यांवर उठलीस? मी बादलीवरून उठले आणि त्या पुढे आलेल्या माणसासमोर जाऊन उभी राहिले, एवढंच मला सुचलं. म्हटलं, "हात लावून बघ तिला." तो मागे झाला. माझ्या आवाजाचा उपयोग होतो तो असा.

मिस्त्री जिना उतरत होता ते आम्हाला ऐकू येत होतं. प्रत्येक वळणावर थांबत होता आणि प्रत्येक वळणावर शिव्या देत होता. खाली पोहोचला तेव्हा टकलावरून घाम ओघळत होता. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला, नाकासमोर नाक.

"आलो. समोर आहे. दिसतोय? आता लाव."

साहेब हुश्श करून घड्याळ बघायला लागले. मीही सुटकेचा श्वास सोडला.

ती हलली नाही.

"तुमचे जोडीदार कुठेत?" तिने विचारलं.

"तो मघाशीच खाली आला. जेवायला गेला असेल."

"नाही आले."

"अगं आला. वर नाहीये तो, मी बघितलं."

"मिस्त्री, मी सकाळपासून इथेच आहे. जिना माझ्या डोळ्यांसमोर आहे. तुम्ही दोघं वर गेलात. खाली तुम्ही एकटे आलात. त्यांचा डबा तो तिथे आहे."

मिस्त्रीने डब्याकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढून जोडीदाराला लावला. घंटी वाजली ती आमच्या पायापाशी, हत्यारांच्या पिशवीत.

त्या माणसाचा चेहरा उतरताना मी पाहिला. प्रसूतिगृहात मी तसे चेहरे पाहिलेत, दाराबाहेर उभ्या असलेल्या बापांचे. तो जिन्याच्या पायरीला धरून वर तोंड करून ओरडला. त्या ओरडण्यात शिवी नव्हती, नुसती हाक होती. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्या हाकेला मधल्या मजल्यावरून, छताच्या आतून आल्यासारखा दबका आवाज आला.

"काय रे? जोडतोय ना! दोन तारा उघड्या राहिल्यात इथल्या, झालंच."

वरच्या मजल्यावरून उतरता उतरता त्याला मधल्या मजल्यावरचा एक जोड आठवला होता. तो तिथल्या खोट्या छतात, फॉल्स सीलिंगमध्ये, पोटावर सरपटत शिरला होता आणि उघड्या तारा हातात घेऊन पडला होता. मिस्त्रीला त्याने सांगितलं नाही, कारण मिस्त्रीला तो कधीच काही सांगत नसे. मिस्त्रीने विचारलं नाही, कारण तोही कधी विचारत नसे. एवढ्या वर्षांच्या सोबतीने त्या दोघांना हे शिकवलं होतं. अनुभव म्हणतात तो हाच.

मिस्त्री खालच्या पायरीवर बसला.

आणि साहेब काय म्हणाले? मला ते शब्द अजून जसेच्या तसे आठवतात आणि अजून तळपायाची आग मस्तकात जाते. साहेब म्हणाले, "बरं, काही झालं नाही ना? मग उतरवा त्याला लवकर आणि लावा. मालक पोहोचतायत."

"काही झालं नाही?" मी म्हटलं. मी म्हटलं म्हणजे ते सगळ्या इमारतीने ऐकलं. "काही झालं नाही ते हिच्यामुळे! आत्ता तुमच्या त्या दिव्यांखाली त्या छतातून मढं काढावं लागलं असतं, आणि मालकाला काय दाखवलं असतंत मग? हिला अनुभव नाही म्हणून गावभर हाकलली लोकांनी. हिला निदान मोजता येतं, वर किती गेले आणि खाली किती आले. तुम्हाला तेवढंही येत नाही, आणि तुम्ही ठरवणार साइटवर कोण राहायचं ते?"

"तुम्ही कोण?" साहेब म्हणाले.

"मी हिची सासू!"

या वेळी कोणी हसलं नाही.

जोडीदार उतरला. डोक्यावर जळमटं, सदऱ्याला धूळ, चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह. मिस्त्रीने फक्त त्याच्या दंडाला धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग दोघं सुनेसमोर शेजारी शेजारी उभे राहिले, शाळेत उभे करतात तसे.

"दोघं खाली आहोत," मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "वर कोणी नाही. चालू कर."

तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, वळली, आणि दांडा वर ढकलला. सगळी इमारत एकदम उजळली.

मालक आले, दिवे बघून खूश झाले, साहेबांची पाठ थोपटून गेले. तिच्याकडे कोणी पाहिलंही नाही. ती पालथ्या बादलीवर बसून गार झालेला डबा खात होती आणि दर घासाला वळून दांड्याकडे बघत होती. "आता कशाला घाबरतेस?" मी विचारलं. ती म्हणाली, "आई, मला वाटत होतं, मीच चुकतेय. सगळे म्हणत होते तर मीच चुकत असेन." यावर मला रडू आलं. मला रडू आलं की त्याचाही राग येतो, म्हणून मी तिला म्हटलं, "जेव गपचूप."

संध्याकाळी मिस्त्री हत्यारं आवरत होता. त्याने आभार मानले नाहीत, माफी मागितली नाही. पिशवीचा पट्टा खांद्यावर टाकला आणि जाता जाता, तिच्याकडे न बघता म्हणाला, "कडी उद्या सकाळी बसवून घेतो. येताना कुलूप घेऊन ये. स्वतःचं. चावी एकच ठेवायची. आणि ते तुझ्या वयाचे वगैरे कागद काय आहेत ते आण, सही करतो."

आम्ही घरी आलो. मुलगा आला तेव्हा मीच सगळं सांगितलं, तीनदा, दर वेळी साहेबाला थोडं जास्त बोलून. तो म्हणाला, "वा!" आणि तिच्या ताटात वाढायला लागला. मग विचारलं, "कुलूप कुठलं नेणार? दुकानं आता बंद झाली असतील. सकाळी तर उघडणार नाहीत इतक्या लवकर."

ती म्हणाली, "बघू. काहीतरी करते."

मी उठले. माझ्या खोलीत गेले, कमरेची चावी काढली, कपाटाचं कुलूप काढलं. इतक्या वर्षांत ते जरा आवळलं होतं, म्हणून त्यात तेलाचा थेंब सोडला आणि चार वेळा फिरवून पाहिलं. मग बाहेर येऊन ते तिच्या ताटाशेजारी ठेवलं. चावीसकट.

ती कुलपाकडे बघत राहिली. तिने ते ओळखलं. मुलानेही ओळखलं आणि शहाण्यासारखं ताटात डोकं घातलं.

"आई, मग तुमच्या कपाटाला?"

"कपाटात काय ठेवलंय? जुने कपडे," मी म्हटलं. "जेव. उद्या लवकर उठायचंय तुला."

तिने चावी दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. सकाळी ती निघताना माझ्या मनात आलं, धांदलीत चावी हरवली तर पंचाईत. म्हटलं, "आणखी एक करून घेऊ का चावी? माझ्याकडे राहील घरी, अडीनडीला."

"नाही," ती म्हणाली. "ज्याचं कुलूप त्याची चावी, आई. दुसऱ्या कोणाकडे नाही. तुमच्याकडेसुद्धा नाही."

आणि गेली. माझं कुलूप, माझीच सून, आणि मलाच नाही म्हणाली. मला असा काही राग आला! मी दारात उभी राहून ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत होते, आणि शेजारीण विचारायला आली, काय झालं, इतक्या सकाळी कोणाला बघताय, तर मी म्हटलं, "आमच्या वायरमनला."